टेलला पाणी येत नाही, कागदावरची पाणीवापर संस्था पुन्हा उभी करायची की शेततळं घेऊन मोकळं व्हायचं?

टेलवाला:
नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांब आहे, सांभाळून घ्या. आमचं गाव नाशिक जिल्ह्यात, एका मध्यम प्रकल्पाच्या कालव्यावर. धरणाचं आणि गावाचं नाव मुद्दाम टाकत नाही कारण इथे आमच्याकडचेही लोक वाचतात. मायनर, म्हणजे कालव्याचा छोटा फाटा, साधारण साडेतीनशे हेक्टरची आणि आमची जमीन बरोब्बर शेवटच्या आउटलेटवर, म्हणजे टेलला. वडील सांगतात सुरुवातीची काही वर्षं रब्बीला व्यवस्थित पाणी यायचं, गहू हरभरा हमखास व्हायचा. आता कालवा सुटला की मुखाकडचे, म्हणजे मायनरच्या सुरुवातीचे, ऊस आणि द्राक्षं भिजवतात, मधले कांदा भरतात, आणि आमच्या चारीत ओल दिसेपर्यंत वरून गेट बंद. पाणीपट्टीची नोटीस मात्र टेलपर्यंत न चुकता येते.

पाणीवापर संस्था, म्हणजे कालव्याचं पाणी शेतकऱ्यांनीच वाटून घ्यायची संस्था, आहे बरं का. २००५ च्या कायद्याखाली नोंदलेली, बोर्ड आहे, शिक्का आहे, अध्यक्ष मुखाकडचे. सर्वसाधारण सभा कधी होते ते कुणाला माहीत नाही. सचिवाला पगार नव्हता म्हणून सचिव निघून गेला, दप्तर कुणाच्या घरात आहे त्यावरही दोन मतं आहेत. ऑडिटचं तर नाव काढू नका.

आता आम्ही टेलचे चाळीसेक शेतकरी एकत्र आलोय, पुढच्या मंगळवारी मारुतीच्या देवळात बैठक आहे. अर्धे म्हणतात निवडणूक लावा, संस्था ताब्यात घ्या आणि नीट चालवा. उरलेले, ज्यात आमचा थोरला भाऊ पण आहे, म्हणतात की सोसायट्यांच्या नादाला लागून कुणाचं भलं झालंय, त्यापेक्षा प्रत्येकाने प्लास्टिक कागद टाकून शेततळं घ्यावं, पावसाळ्यात विहिरीवरून भरून ठेवावं आणि आपापलं पिकवावं. मला स्वतःला संस्था हवीशी वाटते पण भावाला सांगायला माझ्याकडे ठोस काही नाही. ज्यांनी संस्था चालवलीय किंवा चालताना पाहिलीय त्यांनी सांगा, बाकी "एकीचं बळ" वगैरे आम्हाला शाळेत शिकवून झालंय.

रोखठोक:
भाऊंचं ऐका. आमच्याकडे नदीवर उपसा सिंचन सोसायटी होती, जिल्हा बँकेचं कर्ज काढून पाइपलाइन टाकली, सुरुवातीला नुसता जल्लोष. मग मोटर जळाली तर पैसे कोणी भरायचे, लाइट बिल थकलं, कनेक्शन कापलं, आणि कर्जाचा बोजा सगळ्यांच्या सातबाऱ्यावर. ज्याने एक थेंब पाणी वापरलं नाही त्याच्याही. सोसायटी म्हणजे चेअरमनच्या पोराला पुढे पंचायत समितीला उभं करायची शिडी, बाकी काही नाही. शेततळं तुमचं, कागद तुमचा, पाणी तुमचं, मीटिंग नाही की कोरम नाही.

निवृत्त कालवेवाला:
माझी सगळी नोकरी कालव्यावर गेली म्हणून लिहितो. टेलवाले भाऊ, तुमच्याकडे पाणी का येत नाही हे आधी आकड्यात समजून घ्या, मग बैठकीत बोलायला काहीतरी हाताशी राहील.

१ क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर. चोवीस तास सलग चाललं तर साधारण साडेचोवीस लाख लिटर होतं. शेतात ८ सेंटिमीटरचं भरणं दिलं तर त्यात तीन हेक्टर भिजलं पाहिजे. आता समजा तुमच्या मायनरला ४ क्युसेक सोडतात आणि साडेतीनशे हेक्टरपैकी एक तृतीयांश, म्हणजे ११५ हेक्टरच्या आसपास, रब्बीची मागणी आहे. रोज १२ हेक्टर धरले तर दहा दिवसात टेलपर्यंत भिजून मोकळं. पण चाऱ्या फुटलेल्या, गवत माजलेलं, रात्री दारं धरायला कुणी नाही म्हणून पाणी सरळ नाल्याला, वर मुखाकडे ८ च्या जागी १५ सेंटिमीटर देतात कारण पुढची पाळी वेळेवर मिळेल असा भरवसा त्यांनाही नाही. निम्मं पाणी असंच गेलं की रोजचे सहाच हेक्टर होतात आणि ११५ हेक्टरला एकोणीस-वीस दिवस लागतात. आवर्तन, म्हणजे कालव्याला पाणी सोडण्याचा एक फेरा, त्याच्या आत संपतं. संपलं की टेल कोरडं. यात मुखवाला चोरी करतोच असंही नाही, काही ठिकाणी करतो, पण चोरी नसली तरी टेल कोरडंच राहणार.

आता कायद्याचं. महाराष्ट्र सिंचन पद्धतींचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम, २००५. याच्या आधी पाणीवापर संस्था १९६० च्या सहकार कायद्याखाली नोंदायच्या, तिथे सभासद व्हायचं की नाही ते ज्याच्या त्याच्या मर्जीवर. मग निम्मे आत, निम्मे बाहेर, आणि बाहेरच्याला पाटबंधारे खातं परस्पर पाणी देणार, संस्था चालेल कशी. २००५ मध्ये हे बदललं, लाभक्षेत्रातला प्रत्येक जमीनधारक सभासद, आणि संस्था झाली की खात्याने पाणी संस्थेलाच द्यायचं, सुट्या शेतकऱ्याला नाही. ते पण मोजून. संचालक मंडळात मुख, मध्य आणि टेल तिघांना समान जागा, आणि अध्यक्षपद या तिन्ही भागात फिरतं ठेवायचं. तुमचे अध्यक्ष कायम मुखाकडचेच असतील तर बैठकीत पहिला प्रश्न हाच विचारा.

कोटा ठरवलेला असतो, हंगामवार. त्या कोट्यात संस्थेने कोणतं पीक घ्यायचं ते खातं सांगत नाही. संस्थेने खात्याला घनमापनाने, म्हणजे मोजून घेतलेल्या पाण्याचे, पैसे भरायचे आणि सभासदाकडून किती घ्यायचे तो दर संस्थेने स्वतः ठरवायचा. मधल्या फरकावर संस्था जगते. पाटकरी (पाणी सोडणारा माणूस), सचिव, चारीची दुरुस्ती सगळं त्यातून. तुमच्या सचिवाला पगार नव्हता म्हणजे एकतर दर लावलेला नाही नाहीतर वसुली नाही.

आणि हस्तांतराच्या वेळी संयुक्त पाहणी झाली होती का ते बघा. खात्याचे आणि संस्थेचे लोक मिळून मायनरवरून चालत जायचं, कुठे गेट मोडलंय, कुठे अस्तर गेलंय ते लिहायचं, दुरुस्ती झाल्यावरच ताबा घ्यायचा, असं असतं. पुष्कळ ठिकाणी चहा पिऊन सह्या झाल्या. तुमच्याकडेही तसं झालं असेल तर मोडकी मायनर तुमच्या गळ्यात पडलीय.

बाणगंगाकाठ:
टेलवाले भाऊ, नाशिक जिल्ह्यातले आहात आणि ओझरला गेला नाहीत? तुमच्यापासून फार लांब नसणार. वाघाड धरण, दिंडोरी तालुका. त्या कालव्याचं टेल म्हणजे आमचं ओझर, आणि ऐंशीच्या दशकात आमचीही हीच अवस्था, टेलला पाणी म्हणजे अफवा. समाज परिवर्तन केंद्राचे बापू उपाध्ये आणि भरत कावळे यांनी घरोघर फिरून लोक जमवले आणि १९९०-९१ च्या सुमारास टेलला तीन संस्था उभ्या राहिल्या, महात्मा फुले, जय योगेश्वर आणि बाणगंगा. लक्षात घ्या, सुरुवात टेलने केली. मुखवाल्याला संस्था कशाला हवी, त्याला तर पाणी मिळतच होतं.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. या लोकांनी नुसतं कालव्याचं पाणी मागितलं नाही. ओढ्या-नाल्यांवर बंधारे घातले, कालव्याचं आणि पावसाळ्याचं वाहून जाणारं पाणी त्यात अडवलं आणि आजूबाजूच्या विहिरींना उतरवलं. मग प्रश्न आला की विहिरीला पाणी वाढलं ते कुणाचं? ज्याची विहीर तो म्हणणार माझं. संस्थेने म्हटलं, बंधारा आमचा, त्यात आलेलं पाणी मोजून विकत घेतलेलं, तर विहीरवाल्यानेही पाणीपट्टी भरायची. भांडणं झाली, बैठकांवर बैठका झाल्या, पण ते रुजलं. आज इथे येऊन बघाल तर द्राक्षबाग आहे, ठिबक आहे, आणि ते सगळं विहिरीवर आहे, कालव्यातून थेट कमीच. म्हणजे कालवा भरतो जमिनीखालची टाकी आणि शेतकरी उपसतो विहिरीतून. संस्थेने विहिरी हिशेबात धरल्या नसत्या तर त्या तीन संस्था केव्हाच कागदावर गेल्या असत्या असं माझं मत आहे.

टेलला मोजून, ठरल्या तारखेला पाणी मिळतंय म्हटल्यावर वरचेही हळूहळू संस्था करायला लागले. २००३ ला अख्ख्या धरणाची मिळून वाघाड प्रकल्पस्तरीय संस्था झाली, तिच्याखाली चोवीस पाणीवापर संस्था. मुखापासून टेलपर्यंत शेतकऱ्यांच्या हातात. परराज्यातले लोक बघायला येतात, आम्हाला त्याचं आता काही वाटत नाही.

त्याच वेळी हेही सांगतो की इथे काही रामराज्य नाही. थकबाकीदार आहेत, रुसवेफुगवे आहेत, नवीन पोरांना मीटिंगला बसायचा कंटाळा आहे. पण पाळी चालू असताना मोजमाप थांबत नाही, ते एकदा थांबलं की सगळं गेलं.

रोखठोक:
ओझर ओझर ऐकून कान किटले. एक ओझर दाखवायला शंभर मेलेल्या संस्था लपवाव्या लागतात.

बाणगंगाकाठ:
लपवतंय कोण? मेल्या त्या का मेल्या तेच तर वर निवृत्त काकांनी लिहिलंय, मोडकी मायनर घेतली, मोजून पाणी घेतलं नाही, दर लावला नाही. तुमची उपसा सोसायटी मेली ती लाइट बिलाने. कालव्याचं पाणी उताराने येतं, त्याला लाइट बिल नाही, दोन्हीला एकाच दोरीने कशाला बांधता.

वाफसा:
शेततळ्याबद्दल कुणी बोलत नाही म्हणून मी लिहिते. मी कृषी पदवीधर आहे, शेततळ्याच्या विरोधात नाही, आमच्या घरीही आहे. पण हिशेब करून घ्या.

३० बाय ३० बाय ३ मीटरचं तळं, बाजूला उतार धरून, साधारण २२ लाख लिटरचं होतं. वर काकांनी लिहिलेलं १ क्युसेक एक दिवस चाललं की भरतं एवढंच ते. उन्हाळ्यात आपल्याकडे उघड्या पाण्यातून दिवसाला जवळपास सेंटीमीटरभर उडून जातं, म्हणजे तळं भरलेलं असताना रोज नऊ हजार लिटर. एप्रिल-मे मिळून, पाणी खाली जाईल तसा पृष्ठभाग कमी होतो ते धरूनही चार लाख लिटर हवेत. वीस टक्के तिथेच संपलं, पिकाला एक थेंब न देता.

आणि तळं भरणार कशाने? मूळ कल्पना अशी होती की शेतावरून वाहणारं पावसाचं पाणी अडवायचं. प्रत्यक्षात कागद टाकलेलं तळं लोक विहिरीने आणि बोअरने भरतात. म्हणजे जमिनीखाली सावलीत, बाष्पीभवन न होता साठलेलं पाणी आपण वीज जाळून वर काढतो आणि उन्हात ठेवतो. आणि कागद असल्यामुळे ते परत खाली झिरपतही नाही. एकाने केलं तर चालून जातं. चाळीस जणांनी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये एकदम आपापल्या विहिरी उपसून तळी भरली तर डिसेंबरात गावाची पिण्याची विहीर कुठे असेल विचार करा. ज्याची विहीर उथळ आहे, ज्याला कागदाचा खर्च झेपत नाही, तो तिथेच संपला. मग पुढच्या वर्षी जास्त खोल बोअर, आणि त्याच्यापुढच्या वर्षी अजून खोल.

म्हणून भावाला असं सांगा की शेततळं घे, पण कालव्याच्या पाळीतलं तुझ्या हिश्शाचं पाणी त्यात घे. पाळी रात्री आली, तुला तेव्हा नको असेल, तर साठव आणि ठिबकने हवं तेव्हा दे. पण त्यासाठी पाळी यायला पाहिजे, आणि पाळी यायला संस्था पाहिजे. फिरून तिथेच येतो आपण.

टेलवाला:
वाफसा ताई, हा विहिरींचा मुद्दा डोक्यातच आला नव्हता. गेल्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीवर दोन विहिरींनी तळ गाठला आणि दोन्हीच्या शेजारी कागदवाली तळी आहेत, आता डोक्यात प्रकाश पडला. भावाला रात्री हे वाचून दाखवलं. काही बोलला नाही, पण नाही पण म्हणाला नाही.

अजून एक विचारायचंय. आमच्या टेलच्या चाळीस जणांत दहा-बारा बायका आहेत ज्यांचे नवरे पुण्याला नाहीतर सातपूर-अंबडच्या कंपनीत आहेत, शेती त्याच बघतात. आणि चार-पाच जण दुसऱ्याची जमीन वाट्याने करतात. ते बैठकीला येणार म्हणतात, पण सभासद सातबारावाला. त्यांचं काय करायचं?

पुरंदरची लेक:
हा प्रश्न विचारलात म्हणून लॉगिन केलं, नाहीतर मी नुसतं वाचते.

आमच्या पुरंदर तालुक्यात नायगावला विलासराव साळुंखे यांनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत उभी केली. स्वतः इंजिनियर, पुण्यात कारखाना, दुष्काळी कामावर खडी फोडणारी माणसं बघून इकडे आले आणि देवस्थानची चाळीस एकर माळजमीन भाड्याने घेऊन प्रयोग सुरू केला. त्यांचे नियम आजही ऐकले तर मोठे बागायतदार दचकतात. पाणी जमिनीवर नाही, माणसावर. दर माणशी अर्धा एकर भिजेल एवढं, आणि घरटी जास्तीत जास्त अडीच एकर, मग तुमची जमीन पन्नास एकर का असेना. ऊस लावायचा नाही. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क विकता येणार नाही. आणि भूमिहीनालाही पाण्यात वाटा. योजनेच्या खर्चातले वीस टक्के शेतकऱ्यांनी स्वतः भरायचे, म्हणजे फुकटचं म्हणून दुर्लक्ष नको.

त्यातल्या बऱ्याच योजना पुढे बंद पडल्या हे खरंय, उपसा होता म्हणून विजेचा प्रश्न तिथेही आलाच, रोखठोक यांनी लिहिलंय तसाच. पण पाण्यावर हक्क कुणाचा या प्रश्नाला इतकं सरळ उत्तर मी दुसरीकडे पाहिलं नाही. २००५ चा कायदा तिथपर्यंत गेला नाही, तो सातबाऱ्यापाशी थांबला.

तरीपण तुमच्या हातात काही गोष्टी आहेत. कायद्याने संचालक मंडळात बायकांना जागा ठेवलेल्या आहेत, तिथे कुणाची तरी वहिनी सहीपुरती बसवू नका, जी खरोखर रात्री बॅटरी घेऊन दारं धरते तिला बसवा. दुसरं, लक्ष्मी मुक्ती योजनेत नवऱ्याने तलाठ्याकडे अर्ज केला की बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून सातबाऱ्यावर लागतं. तुमच्या त्या दहा-बारा जणींच्या नवऱ्यांना दिवाळीला घरी आल्यावर आधी तलाठ्याकडे पाठवा. आणि वाटेकऱ्यांचं म्हणाल तर मत नाही देता आलं तरी पाळीपत्रकावर (कुणाला कधी पाणी त्याचा तक्ता) जमीन कसणाऱ्याचं नाव आणि फोन लिहायला कुणाची परवानगी लागत नाही. पाळी रात्री दोनला लागली तर फोन मालकाला पुण्यात करून काय उपयोग, कसणारा जवळ झोपलाय त्याला उठवा.

अजून एक, पाळीच्या वेळा. आमच्याकडे ठरवताना गडीमाणसं बसतात आणि रात्रीच्या पाळ्या नेमक्या एकट्या बाईच्या शेताला लागतात. दरवेळी. रात्रीची पाळी फिरती ठेवा, एका आवर्तनात रात्र मिळाली तर पुढच्याला दिवस. ठरावात लिहून घ्या, तोंडी नको.

साक्रीकर:
आमच्या पांझरा नदीवर फड होते, म्हणजे पाणी वाटून घ्यायची जुनी पद्धत, नाशिककडे मोसम नदीवर पण. नदीवर बंधारा, पाटाने पाणी, आणि भिजणाऱ्या जमिनीचे मोठे फड पाडलेले. एका फडात सगळ्यांनी एकच पीक, पुढच्या वर्षी पीक दुसऱ्या फडात. प्रत्येकाचा तुकडा जवळजवळ प्रत्येक फडात असायचा, त्यामुळे पाणी कमी पडलं आणि एक फड कोरडा ठेवला तर सगळ्यांचंच थोडं थोडं कोरडं. मुखवाला आणि टेलवाला अशी दोन वेगळी माणसंच नव्हती. हवालदार, पाटकरी, जागल्या ही माणसं गावाने नेमायची आणि त्यांचं मानधनही शेतकरीच द्यायचे. कोणता कायदा नव्हता, शेकडो वर्षं चाललं. वरती मोठी धरणं झाली, विहिरींना मोटरी बसल्या, मग लोकांना एकमेकांची गरज राहिली नाही. एवढंच लिहायचं होतं.

निवृत्त कालवेवाला:
साक्रीकरांनी नेमकं लिहिलं. टेलवाले भाऊ, मुखाकडच्यांना बैठकीला बोलावणार आहात की नाही? नुसत्या टेलच्या जोरावर निवडणूक जिंकाल, पण गेट त्यांच्या बांधाला आहे. त्यांना काय मिळेल ते आधी ठरवून जा. माझ्या अनुभवाने मुखवाला जादा भरणं देतो ते मस्तीने कमी आणि भीतीने जास्त. पुढच्या आवर्तनाची तारीख कालवा सल्लागार समितीत ठरते, त्याला कळेपर्यंत उशीर होतो, म्हणून आत्ताच भरून घेतो. संस्थेने हंगामाच्या सुरुवातीलाच लेखी पाळीपत्रक दिलं, इतक्या तारखेला इतके तास, आणि एकदा जरी ते पाळून दाखवलं तरी त्याचा हात आखडतो. शिवाय कोट्यातून पाणी वाचलं तर उन्हाळी भुईमूग नाहीतर चाऱ्याला देता येतं, त्यात मुखवाल्यालाही हिस्सा द्या.

थकबाकीचं वेगळं प्रकरण आहे. जुनी थकबाकी नव्या मंडळाच्या डोक्यावर येणार, त्यातून सुटका नाही. उपविभागात जाऊन लेखी आकडा घ्या, किती मुद्दल, किती दंड. बहुतेक वेळा त्यात तुम्हाला न मिळालेल्या पाण्याचीही पट्टी असते, कारण मोजमाप झालं नाही की क्षेत्रावर आकारणी होते. तिथे वाद घालायला जागा आहे, पण कागद घेऊन घाला, मोर्चा घेऊन नको.

रोखठोक:
काका, आता तुम्ही म्हणता तर एक कबूल, पाळीपत्रक लेखी दिलं आणि पाळलं तर लोक पैसे देतील. आमच्या सोसायटीत ते कधीच झालं नाही, पाणी कधी सुटेल ते चेअरमनच्या जवळच्या चार जणांनाच माहीत असायचं. पण हे पाळणार कोण? पाटकऱ्याला पगार द्या नीट, गावातला नको, बाजूच्या गावचा ठेवा. आणि पहिल्या वर्षी कर्ज काढू नका, काहीही होऊ द्या. पाइपलाइनची स्वप्नं कुणी दाखवायला लागलं की सरळ उठून या.

टेलवाला:
सगळ्यांचे आभार. काल अर्धं काम झालं. दप्तर सापडलं, जुन्या सचिवाच्या घरी पोत्यात होतं, उंदरांनी एक कोपरा खाल्लाय पण करारनामा शाबूत आहे. त्यात कोटा लिहिलेला आहे, रब्बीचा वेगळा, उन्हाळी वेगळा. संयुक्त पाहणीचा कागद आहे, त्यावर "दुरुस्त्या प्रस्तावित" एवढंच आणि खाली सह्या. काका, तुमचा चहावाला अंदाज बरोबर निघाला.

ठरलंय असं की मंगळवारच्या बैठकीला मुख आणि मध्य दोघांना निरोप द्यायचा, विहिरींची यादी करायची (यावर वाद होणार हे दिसतंय, वस्तीवरचे दोघे आत्ताच कुरकुरतायत), आणि या रब्बीला निवडणूक होवो न होवो, मायनरच्या तोंडाला आम्ही आपली माणसं बसवून पाणी मोजणार. भाऊ शेततळं घेणारच आहे, पण मोजायला रात्री बसायची पहिली पाळी त्याने घेतलीय.

आता अडचण अशी की मायनरच्या तोंडाशी पाणी मोजायचा काँक्रीटचा फ्ल्यूम आहे, त्यावरची पाण्याची उंची दाखवणारी गेजपट्टी पुसून गेलीय आणि किती सेंटिमीटरला किती क्युसेक ते आम्हाला माहीत नाही. कोष्टक कुठे मिळेल?

निवृत्त कालवेवाला:
उपविभागीय कार्यालयात प्रत्येक फ्ल्यूमचं कोष्टक असतं, संस्थेच्या लेटरहेडवर मागा. तोंडी मागू नका, आवक शिक्का मारून पोच घ्या. नाही म्हणाले तर माहितीचा अधिकार आहेच. आधी फ्ल्यूम कोणता आहे ते बघा, कटथ्रोट असेल तर तळ सपाट आणि मधे गळा आवळलेला दिसेल, स्टँडिंग वेव्ह असेल तर तळाला उंचवटा असतो. गळ्याची रुंदी टेपने मोजून ठेवा आणि फोटो टाका इथे. गेजपट्टीचा शून्य पुसला असेल तर ऑइलपेंटने परत काढता येतो, पण शून्य कुठे धरायचा ते लेव्हल लावल्याशिवाय ठरवू नका, दोन-तीन सेंटिमीटर इकडे तिकडे झालं तरी हिशेबात मोठा फरक पडतो. कॅनॉल बंद आहे तोवर आत उतरून गाळ काढा, गाळ असलेल्या फ्ल्यूमवर कोष्टक चालत नाही.